तीन प्रदर्शनं, एकच उद्घाटनाची संध्याकाळ, ४०० निमंत्रित: दालनांची आखणी कशी करावी?

मांडणीकार

नमस्कार मंडळी,

संग्रहालयात तीन नवी प्रदर्शनं एकाच संध्याकाळी खुली होणार आहेत. वेळ ६.३० ते ९.३०. निमंत्रणं ४०० जणांना गेली आहेत. जागा अशी:

दालन अ, १८० चौ. मी. जलरंग, पेस्टल, कोळशाची रेखाटनं. बहुतेक कामं फ्रेममध्ये आहेत, पण सहा मोठी रेखाटनं उघडीच, चुंबकांनी भिंतीला लावलेली.

दालन ब, ३२० चौ. मी. शिल्पं. चौदा चौथऱ्यांवर, चार थेट जमिनीवर.

दालन क, ९० चौ. मी. अंधारं. दोन प्रोजेक्टर, आवाजासह.

लॉबी, २६० चौ. मी. खाणं-पिणं इथेच ठेवायचं ठरतंय.

प्रश्न हे: एका वेळी आत किती माणसं सोडावीत? ग्लास कुठपर्यंत नेऊ द्यावेत? भाषणं कुठे आणि किती वाजता ठेवावीत? शिवाय दालन अ मधली कामं उसनी आणलेली आहेत. करारात सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, त्यात ५ अंक वर किंवा खाली, आणि प्रकाश कमाल ५० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) असं लिहिलंय. ते दालन त्या संध्याकाळी बंदच ठेवा असं एकाने सुचवलंय. तसं करावं का?

---

दारावरची_मोजणी

आधी माणसं मोजू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. इमारतीच्या अग्निसुरक्षेच्या कागदावर प्रत्येक दालनाची कमाल संख्या लिहिलेली असते. ती शेवटची मर्यादा, तिथपर्यंत दालन भरायचं नसतं. चित्रं नीट पाहता यावीत आणि कुणाचा खांदा कशाला लागू नये यासाठी दालनात माणशी ३ चौ. मी. धरा.

पण ३२० ला थेट ३ ने भागू नका. ६० सेंमी चौरस चौथऱ्याभोवती चारही बाजूंना ७५ सेंमी मोकळे सोडले की तो २.१ गुणिले २.१, म्हणजे जवळपास ४.४ चौ. मी. खातो. चौदा चौथऱ्यांचे ६२ झाले. जमिनीवरच्या चार शिल्पांना त्यांच्या मोकळ्या पट्ट्यासकट ४० धरले तर उरतात २१८. म्हणजे ब मध्ये ७० माणसं. अ मध्ये गणिताने ६० येतात, पण उघड्या रेखाटनांपुढे एक मीटरचा पट्टा रिकामा ठेवायचा आहे, म्हणून ५० धरा. क अंधारात आहे, तिथे २० पुरे. लॉबीतून टेबलं, मंच आणि सामान ठेवायचा काउंटर यांचे ६० वजा केले की २०० उरतात. माणशी १.२ चौ. मी. प्रमाणे १६५. एकूण ३०५.

म्हणजे चारशे जण एकदम आले तर मावणार नाहीत. निमंत्रणं गेली असली तरी हरकत नाही. दुसरा निरोप पाठवून निम्म्यांना ६.३० आणि निम्म्यांना ७.३० ही वेळ द्या. 'केव्हाही या' असं लिहिलं की सगळे भाषणाच्या दहा मिनिटं आधी येतात.

प्रत्येक दालनाच्या दारात हातातलं मोजणीयंत्र घेऊन एक माणूस हवा. आत जाणारा एक, बाहेर येणारा वजा एक. दार एकच असेल तर एकाच माणसाला दोन्ही दिशा झेपत नाहीत. तिथे दोघे लागतात.

एक जागा हमखास तुंबते ती म्हणजे उंबरठा. प्रदर्शनाची ओळख करून देणारा मोठा फलक दारालगतच्या भिंतीवर असतो, वाचणारा तिथेच थबकतो आणि मागची रांग लॉबीपर्यंत येते. तो फलक दारापासून तीन मीटर आत न्या. अक्षरं डोक्यांच्या वर, जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास येतील असं बघा. गर्दीत छातीच्या उंचीवरचा मजकूर कुणालाच दिसत नाही.

भाषणं लॉबीतच ठेवा. दारं उघडल्यावर ४५ मिनिटांनी सुरू करा आणि सगळी मिळून १५ मिनिटांच्या आत संपवा. तेवढा वेळ तिन्ही दालनं बंद ठेवली तर पहारेकऱ्यांना आतून एक फेरी मारता येते.

---

कागद_आणि_हवा

मोजणी पटली. तिन्ही दालनं बंद करण्याचं मात्र पटत नाही, त्याचं कारण खाली देते. आधी एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

इमारतीची हवा, दिवे आणि गजर हे सगळं वेळापत्रकावर चालतं. संग्रहालय संध्याकाळी बंद होतं असं धरून वातानुकूलन सात-साडेसातला रात्रीच्या मंद गतीवर जातं आणि बाहेरची ताजी हवा कमी होते. नेमकी त्याच वेळी दालनं भरलेली असतात. उभा राहून गप्पा मारणारा माणूस १०० ते १३० वॅट उष्णता टाकतो, शिवाय श्वास आणि घाम मिळून तासाला ५० ते ८० ग्रॅम पाण्याची वाफ. दोनशे माणसं म्हणजे २० ते २६ किलोवॅट, आणि तासाला १० ते १६ लिटर पाणी हवेत. मंद गतीवरच्या यंत्रणेला हे पेलत नाही. त्या दिवसापुरतं वेळापत्रक रात्री ११.३० पर्यंत वाढवून घ्या, आणि ते लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीपर्यंत पोचत नाही. गजर आपोआप चालू होण्याची वेळ आणि दिवे बंद होण्याची वेळही त्याच कागदावर लिहा.

दालन आधीच गार करून ठेवा असा सल्ला मिळेल. जपून. नुसतं तापमान उतरवलं की त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता वर चढते. पाहुणे येण्याआधीच तुम्ही ५५ वर पोचाल. दोन तास आधीपासून ताजी हवा वाढवा आणि आर्द्रता काढणारं यंत्र पूर्ण क्षमतेवर ठेवा. दालन ४७-४८ टक्क्यांवर सुरू झालं तर वर चढायला जागा राहते. डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारं यंत्र, अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांनी नोंद करेल असा लावा. एक उघड्या रेखाटनांच्या भिंतीवर आणि एक दाराजवळ. दालनात कार्बन डायऑक्साइड मोजणारं साधं यंत्र ठेवलंत तर तेही बोलकं असतं. आकडा १००० पीपीएमच्या वर गेला की गर्दी हवेला जड होऊ लागलीय असं समजा आणि दारावरची संख्या उतरवा.

आता दालन अ बंद ठेवावं का? माझं ठाम मत, ठेवू नये. ज्यांची कामं आहेत ते त्या दिवशी तिथे असणार आणि लोकांनी ती पाहावीत म्हणून तर हा खटाटोप. समोर ॲक्रिलिक आणि मागे पाठ बंद असलेल्या फ्रेमच्या आत हवा हळूहळू बदलते. बाहेर दोन-तीन तास चार-पाच अंकांची वरखाली झाली तरी आत ती मंदावून पोचते. धोका आहे तो त्या सहा उघड्या कागदांना. चुंबकावर टांगलेला कागद ओलसर हवेत फुगतो आणि कडा पुढे येतात. त्या कडेला जाणाऱ्याची बाही लागली की कोळसा पुसला जातो, आणि पुसलेला कोळसा परत बसत नाही. म्हणून एक मीटरवर दोर किंवा जमिनीवर ठळक पट्टी, आणि त्या भिंतीला वेगळा पहारेकरी.

भाषणाच्या वेळी फक्त अ आणि क रिकामी करा. ब उघडं ठेवा आणि तिथे लहान स्पीकर द्या. नाहीतर तीनशे माणसं २०० चौ. मी. लॉबीत येतील, म्हणजे माणशी ०.७ चौ. मी. सुद्धा नाही. अ ला मिळालेली ती पंधरा मिनिटं हवेच्या दृष्टीने फार मोलाची असतात. लॉगरची रेघ तेवढ्यात खाली वळलेली दिसते.

प्रकाशाबद्दल. लॉबीत ३०० लक्स आणि दालनात ५० असेल तर आत येणाऱ्याला सगळं काळोखं वाटतं. डोळा सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर कुणाला नसतो. मग कुणीतरी बटणापाशी जाऊन दिवे वाढवतं. दालनाचे दिवे वाढवू नका, लॉबीचे उतरवा. दाराजवळचे शेवटचे पाच-सहा मीटर १०० ते १५० लक्सवर आणा आणि दालनाच्या मंदकाला (डिमरला) कुलूप लावा.

चित्रीकरण करणाऱ्यांचे दिवे हा वेगळा विषय. प्रकाशाचा परिणाम साठत जातो. १००० लक्सचा दिवा तीन तास लागला तर ३००० लक्स-तास झाले, म्हणजे ५० लक्सवरचे ६० तास. रोज आठ तास धरले तर साडेसात दिवसांचं प्रदर्शन एका संध्याकाळी खर्ची पडतं. लॉबीत एक कोपरा फोटोसाठी ठरवून द्या, दिवे तिथेच. दालनात आहे त्या प्रकाशातच.

फुलं आणायची असतील तर लॉबीतच, आणि त्याच रात्री बाहेर. मातीच्या कुंड्या नकोत, मातीतून कीटक येतात. लिलीचे परागकण कापडाला आणि कागदाला लागले की डाग जात नाही, म्हणून ती यादीतूनच काढा.

---

मांडणीकार

दोघांचेही आभार. वेळापत्रकाचा मुद्दा खरंच यादीत नव्हता. आता ग्लासांचं आणि दालन क चं कुणी सांगेल का? क मध्ये आवाज सतत चालू आहे आणि भिंतीपलीकडेच लॉबी आहे.

---

चौथरा_आणि_तोल

ग्लास दालनात नको हे सगळेच सांगतात. पण ते फलक लावून होत नाही, टेबल लावून होतं. प्रत्येक दालनाच्या दाराबाहेर कमरेच्या उंचीचं, ९० सेंमीचं टेबल हवं, त्यावर रिकामे ट्रे आणि ते सतत उचलणारा एक माणूस. ट्रे भरला की पाहुणा ग्लास घेऊनच आत शिरतो, आणि हात मोकळा करायला जवळचा सपाट पृष्ठभाग शोधतो. चौथरा कमरेच्या उंचीचा, पांढरा, सपाट आणि वर भरपूर जागा असलेला. पहिला ग्लास तिथे ठेवला गेला की पाच मिनिटांत शेजारी दुसरा येतो, कारण बघणाऱ्याला वाटतं की ही ठेवायचीच जागा आहे. म्हणून पहारेकऱ्यांना एक गोष्ट पक्की सांगा: पहिला ग्लास दिसताक्षणी उचलायचा.

खाण्या-पिण्याचं मुख्य टेबल प्रवेशद्वाराजवळ नको आणि दालनाच्या दाराजवळही नको. लॉबीच्या आतल्या टोकाला, आणि एकाऐवजी दोन. माणूस आत येऊन चालत तिथपर्यंत जातो, त्यामुळे दार मोकळं राहतं. पन्नास पाहुण्यांमागे एक वाढणारा धरा. एका घासात संपणारे पदार्थ निवडा, काटा-चमचा लागणारे नकोत. रस गळणारं, भुगा पडणारं, तेलकट असं काही नको. लाल-जांभळी पेयं टाळा, पण रंगहीन गोड पेय निरुपद्रवी आहे असं समजू नका. साखर वाळून चिकट होते, धूळ धरते आणि कीटकांना बोलावते. अन्न गरम ठेवायला खाली ज्योत असलेली भांडी, मेणबत्त्या, धुराची यंत्रं यातलं काहीही आत येणार नाही हे केटररच्या करारातच लिहा. मंचावरच्या धुराने हवा शोषून तपासणारे धूरशोधक वाजतात आणि त्याचा पातळ थर कामांवर बसतो. फुगेही नकोत. सुटलेला फुगा रात्री छताखाली वाऱ्याने हलत राहतो आणि हालचाल टिपणारा गजर वाजवतो.

आता शिल्पं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायामीच्या एका कलामेळ्यात अमेरिकन कलाकार जेफ कून्सचा पोर्सिलेनचा निळा 'बलून डॉग' फुटला. ती निमंत्रितांसाठीची पहिली संध्याकाळ होती. एका पाहुणीचा धक्का लागला आणि शंभराच्या वर तुकडे झाले. गर्दीत माणूस पाठीमागे सरकतो तेव्हा त्याला कमरेखालचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक चौथरा आदल्या दिवशी तपासा: वरच्या कडेला तळहात लावून हलकेच ढकला. डुगडुगला तर आत वाळूच्या पिशव्या टाका, अगदी तळाशी. उंच आणि अरुंद चौथऱ्यात वजन मध्यावर ठेवलं तर उपयोग होत नाही. जमीन असमान असेल तर कोपऱ्यात पाचर.

वस्तू चौथऱ्यावर म्युझियम वॅक्सने बसवा. वाटाण्याएवढ्या तीन-चार गोळ्या, हातात मऊ करून तळाच्या कडेला, आणि वस्तू किंचित फिरवून दाबायची. सच्छिद्र दगड, बिनझिलईची माती, लाकूड यांना मेण थेट लावायचं नाही, ते आत मुरतं. तिथे बारीक पितळी पकड किंवा आतून आधार. मेणाने बसवलेली वस्तू काढताना सरळ उचलायची नाही, फिरवून सोडवायची, नाहीतर तळाचा टवका मेणाबरोबर येतो.

कंपनही विसरू नका. २०१३ मध्ये मँचेस्टर संग्रहालयात काचपेटीतली एक लहान इजिप्शियन मूर्ती आपोआप गोल फिरताना कॅमेऱ्यात दिसली. तळ किंचित फुगीर होता आणि माणसांच्या पावलांची, रहदारीची कंपनं तेवढी पुरली. लॉबीत जड आवाजाचा स्पीकर ठेवणार असाल तर तो जमिनीवर नको आणि ज्या भिंतीच्या पलीकडे पेस्टल टांगलेत तिला टेकवूनही नको. पेस्टलची भुकटी कागदावर जेमतेम धरलेली असते.

काही सांडलंच तर पहारेकऱ्याने पुसायचं नाही. आधी लोकांना दोन पावलं मागे घ्यायचं, फोटो काढायचा आणि संवर्धकाला, म्हणजे कलाकृतींची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्याला, हाक मारायची. त्यासाठी प्रत्येक दालनामागे एक पेटी तयार ठेवा: पांढरा टिपकागद, हातमोजे, मऊ ब्रश, विजेरी, झिपच्या पिशव्या, पेन्सिल, मोजपट्टी. पेन नको. फुटलेल्या ग्लासासाठी सुपली आणि ओला कापूस वेगळा. काचेचे कण बुटाखाली आले की फरशीवर चरे पडतात.

---

तारा_दिवे_पडदे

दालन क साठी.

वीज आधी. केटरर पाणी उकळायचं यंत्र दिसेल त्या सॉकेटमध्ये खोचतो. १६ अँपिअरच्या सर्किटवर २३० व्होल्टला जेमतेम ३.६ किलोवॅट मिळतात. २ किलोवॅटची दोन यंत्रं एकाच सर्किटवर आली की एमसीबी (भार वाढल्यावर वीज तोडणारा खटका) पडू शकतो. त्याच सर्किटवर प्रोजेक्टर असेल तर प्रदर्शन अंधारात जातं, आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तो गार होईपर्यंत परत लागत नाही. लॉबीतली कोणती सॉकेटं कोणत्या सर्किटवर आहेत ते आधी शोधा, केटररची सॉकेटं रंगीत पट्टीने दाखवा, बाकीच्यांवर झाकण.

संगणकाचे अपडेट, स्क्रीनसेव्हर, झोपी जाण्याची सेटिंग बंद करा. वीज गेल्यावर कोणतं यंत्र कोणत्या क्रमाने सुरू करायचं ते एका कागदावर लिहून रॅकला चिकटवा. ज्याने मांडणी केली तो नेमका त्या वेळी पाहुण्यांत अडकलेला असतो.

दारातून येणारा उजेड एका पडद्याने अडत नाही. दोन पडदे, मध्ये दीड मीटर अंतर, एकमेकांना झाकतील असे. दीड मीटर असलं की चाकाची खुर्चीही आत वळते. आत पहिल्या पावलाशी जमिनीलगत मंद दिवा ठेवा, नाहीतर आलेला माणूस दारातच उभा राहून डोळे सरावण्याची वाट बघतो.

भाषणाच्या वेळी क चा आवाज पूर्ण बंद करा, नुसता कमी करून भागत नाही. बंद करणारा आणि परत चालू करणारा माणूस एकच असावा आणि त्याचं नाव संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत असावं. हे ठरलं नाही की काम उरलेली रात्र मुकं चालतं, आणि बघणाऱ्याला ते तसंच आहे असं वाटतं. कलाकाराच्या दृष्टीने हे फार वाईट.

लॉबीत एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान, स्टँडवर, लॉबीच्या लांबीत वाटून. पुढच्यांचे कान किटत नाहीत आणि मागच्यांनाही ऐकू येतं. मंच ३० ते ४० सेंमी उंच पुरतो. पायरीला पांढरी पट्टी लावा.

---

दारावरची_मोजणी

ब उघडं ठेवण्याचं वरचं म्हणणं मान्य. १६५ च्या लॉबीत ३०० हा हिशेब माझ्याकडून सुटला होता.

भाषणानंतरची पाच मिनिटं राहिली. टाळ्या संपल्या की सगळे एकाच दाराकडे निघतात, बहुतेक वेळा ज्याचं नाव शेवटी घेतलं त्याच दालनाकडे. तेव्हा शेवटच्या वक्त्याला तीन वाक्यं लिहून द्या: मंचाच्या डावीकडच्यांनी शिल्पांपासून सुरुवात करावी, उजवीकडच्यांनी कागदावरच्या कामांपासून, मागच्यांनी आधी काहीतरी प्यावं. लोक ऐकतात. आणि तेव्हा अ च्या दारावर दोन माणसं असू द्या, एक नाही.

पाठीवरच्या पिशव्या आणि ओल्या छत्र्या बाहेरच. बिल्ले दोन तुकड्यांचे छापा. एकच तुकडा असला की ९.१५ ला सामानाच्या काउंटरवर ओळखपरेड सुरू होते.

---

रात्रीची_फेरी

वर कुणी साफसफाईबद्दल लिहिलं नाही, म्हणून.

२००१ मध्ये लंडनच्या एका गॅलरीत ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टची मांडणी सफाई कामगाराने कचरा समजून उचलली. प्रदर्शनाच्या आरंभाच्या पार्टीत जमलेले कप, रिकाम्या बाटल्या, भरलेले ॲशट्रे यांचीच ती मांडणी होती. फोटोंवरून परत मांडावी लागली. ऑक्टोबर २०१५ मध्ये इटलीतल्या बोल्झानोच्या म्युझिऑन संग्रहालयात तेच झालं. रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटची थोटकं असलेली कलाकृती सफाईवाल्यांनी पिशव्यांत भरली. त्यांना लॉबीतला एका कार्यक्रमानंतरचा पसारा आवरायला सांगितलं होतं. दोन्हीकडे चूक सफाई करणाऱ्यांची म्हणता येत नाही. कोणती वस्तू कलाकृती आहे हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

तुमच्या ब मध्ये चार शिल्पं थेट जमिनीवर आहेत. त्या रात्री कामावर असणाऱ्या सफाई चमूला दुपारी, पाहुणे यायच्या आधी, दालनातून फिरवा. प्रत्येक कामापाशी थांबून 'हे काम आहे, याच्या एवढ्या जवळ यायचं नाही' असं सांगा. छापील नकाशावर त्या जागा लाल करून द्या. दालनात रात्री फक्त कोरडा मॉप, कामापासून अर्धा मीटर सोडून. ओलं पुसणं दुसऱ्या दिवशी सकाळी, संवर्धक हजर असताना.

लॉबीतला कचरा मात्र त्याच रात्री इमारतीबाहेर. सगळा. रात्रभर ठेवलेल्या पिशवीत झुरळं आणि उंदीर येतात, आणि अन्न संपलं की ते कागदाकडे वळतात. टेबलांखाली, मंचाखाली आणि पडद्यांच्या तळाशी विजेरी मारून बघा. एक विसरलेला अर्धा ग्लास तिथेच सापडतो. आठवडाभर लॉबीच्या कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवून रोज बघा.

शेवटची फेरी दोघांनी मिळून करायची: एकाच्या हातात दुपारी काढलेले फोटो, दुसऱ्याच्या हातात विजेरी. प्रत्येक काम त्याच जागेवरून, त्याच कोनातून बघायचं. चौथऱ्याचे चारही कोपरे, फ्रेमच्या खालच्या कडा आणि उघड्या रेखाटनांचे चुंबक मोजून. काही वेगळं दिसलं तर वेळ लिहा आणि हात न लावता तसंच ठेवा. उसन्या कामांच्या मालकांना सकाळी जो निरोप जाईल, त्यात त्या संध्याकाळची लॉगरची रेघ जोडा.